मुकी अक्षरं: एकाच अक्षरजोडीचे इंग्रजी शब्द, त्यांचे अर्थ आणि ती जोडी कुठे बोलू लागते

मांडवीकर
बडोद्यातल्या मराठी घरातलं मूल तीन लिप्यांत वाढतं. घरी देवनागरी, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती आणि शाळेच्या वहीत रोमन. पहिल्या दोन लिप्यांत लिहिलेलं अक्षर बोललं जातं, त्यामुळे तिसरीत लिहिलेलं अक्षर गप्प बसलं की मूल गोंधळतं. मग आपण त्याच्या हातात ए ते झेडची यादी देतो आणि दहा-दहा वेळा लिहून काढायला सांगतो. यादी परीक्षेपुरती टिकते, पुढच्या इयत्तेत पुन्हा पाटी कोरी.

म्हणून हा धागा. शब्द वर्णानुक्रमाने न मांडता अक्षरजोडीने मांडू. प्रत्येकाने एक जोडी घ्यावी, तिचे शब्द मराठी अर्थांसह द्यावेत, कोणतं अक्षर मुकं आहे ते सांगावं आणि ते अक्षर ज्या भावंड-शब्दात बोलतं तो शब्दही द्यावा. सहावी ते दहावीच्या मुलांना पुरेल एवढं खोल जाऊ.

पहिली जोडी मीच घेतो: के-एन. शब्दाच्या सुरुवातीला आली की के मुका.

नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणे. नॉट म्हणजे गाठ आणि निट म्हणजे विणणे. हे दोन्ही एकाच मुळाचे, कारण विणणं म्हणजे गाठी मारत जाणंच. नकल म्हणजे बोटाचा सांधा, मूठ वळली की वर येतो तो. नीड म्हणजे कणीक मळणे, स्पेलिंग के-एन-ई-ए-डी. नॅक म्हणजे हातोटी. नोल म्हणजे लहानशी टेकडी. नेव्ह म्हणजे लबाड माणूस, पत्त्यांतल्या गुलामालाही पूर्वी हाच शब्द. नेल म्हणजे मृत्यूची घंटा, के-एन-ई-एल-एल. बोटाच्या नखाचा नेल वेगळा, त्यात के नाही.

हा के इंग्रज माणूस एकेकाळी बोलत होता. साधारण सतराव्या शतकात तो जिभेवरून गेला, पण छपाईत स्पेलिंग आधीच बसून गेलं होतं. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो.

सगळ्यात जास्त चूक होते ‘अ‍ॅक्नॉलेज’मध्ये. क ऐकू येतो म्हणून मुलं नुसता के लिहितात आणि सी गाळतात. अक्षरं अकरा: ए-सी-के-एन-ओ-डब्ल्यू-एल-ई-डी-जी-ई. ‘नॉलेज’ला पुढे ए-सी जोडायचं एवढंच सांगावं, मग सी सुटत नाही.

रावपुरा_ताई
मांडवीकर, के-एनला एक पुरवणी. नो म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू. हा शब्द आणि आपला ‘ज्ञा’ धातू सख्खे चुलत आहेत. नी आणि संस्कृत ‘जानु’ही तसेच, जानु म्हणजे गुडघा. इंग्रजीत ज्याचा क झाला तो संस्कृतात ज झाला. ग्रीक-लॅटिनमध्ये त्या जागी ग राहिला, म्हणून डायग्नोसिस, म्हणजे रोगनिदान, यात ज्ञ जी-एनच्या रूपात बसलेला आहे. इग्नोअर म्हणजे दुर्लक्ष करणे, मुळात न जाणणे. रेकग्नाइझ म्हणजे ओळखणे. अ‍ॅग्नॉस्टिक म्हणजे ईश्वर आहे की नाही हे जाणता येत नाही असं मानणारा. या चारही शब्दांत जी स्पष्ट बोलतो.

मुलांना हे दाखवायला बडोद्यासारखी जागा नाही. ज्ञ रोमनमध्ये लिहायची वेळ आली की मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो, ज्ञानेश्वरांचं नाव पाहा. हिंदी माणूस जी-वाय लिहितो. गुजरातीत पुष्कळ ठिकाणी जी-एन लिहितात, ‘विज्ञान’ची रोमन पाटी व्ही-आय-जी-एन-ए-एन अशी दिसते. डायग्नोसिसमधला जी-एन आणि त्या पाटीवरचा जी-एन शेजारी शेजारी लिहून दाखवा. त्या शब्दाचं स्पेलिंग पुन्हा शिकवावं लागत नाही.

न्यायमंदिर_चौक
मग मुका जी माझ्याकडे.

सुरुवातीचा मुका जी थोड्याच शब्दांत आहे. नॉ म्हणजे कुरतडणे, जी-एन-ए-डब्ल्यू. नॅट म्हणजे चिलट. नॅश म्हणजे दात-ओठ खाणे. नार्ल्ड म्हणजे गाठी आलेलं, वेडंवाकडं. जुन्या झाडाचं खोड किंवा म्हाताऱ्या माणसाची बोटं. नोम म्हणजे जमिनीखालच्या खजिन्याची राखण करणारा बुटका. एवढे आले की पुरे.

खरी मजा शेवटच्या जी-एनमध्ये आहे. इथला जी झोपलेला असतो, प्रत्यय लागला की जागा होतो:

साइन, खूण किंवा सही करणे. जागा होतो ‘सिग्नेचर’मध्ये आणि ‘सिग्नल’मध्ये.
रिझाइन, राजीनामा देणे. ‘रेझिग्नेशन’.
डिझाइन, आराखडा. ‘डेझिग्नेशन’ म्हणजे पदनाम, मूळ एकच.
असाइन, नेमून देणे. ‘असिग्नेशन’मध्ये बोलतो, पण रोजच्या ‘असाइनमेंट’मध्ये झोपलेलाच राहतो.
मलाइन, बदनामी करणे. ‘मॅलिग्नंट’ म्हणजे घातक.
बिनाइन, निरुपद्रवी, सौम्य. गाठ तपासल्यावर अहवालात येतात ते हेच दोन शब्द, बिनाइन आणि मॅलिग्नंट. मोठ्या माणसांनीसुद्धा यांचा अर्थ नीट लक्षात ठेवावा.

असाइनमेंटवरून नियम कळतो. प्रत्यय स्वराने सुरू झाला आणि तो मूळ लॅटिनमधून आलेला असेल तरच जी जागा होतो. मेंट, इंग, एर हे लावले तर नाही: साइनिंग, डिझाइनर.

जी-एमचंही हेच. फ्लेम म्हणजे कफ, पी-एच-एल-ई-जी-एम. ‘फ्लेग्मॅटिक’मध्ये, म्हणजे थंड स्वभावाचा, जी बोलतो. पॅराडाइम म्हणजे नमुना, चौकट, ‘पॅराडिग्मॅटिक’. डायफ्रॅम म्हणजे छाती आणि पोट यांमधला श्वासपटल, यातही जी आहे आणि पुष्कळ मुलं तो विसरतात.

आणि दोन घुसखोर. फॉरेन म्हणजे परदेशी आणि सॉव्हरिन म्हणजे सार्वभौम. यांत जी कधीच नव्हता. ‘रेन’, म्हणजे राज्य करणे, या शब्दात तो खरा आहे. त्याच्याकडे बघून लिहिणाऱ्यांनी या दोघांतही घातला. यांचं भावंड शोधत बसू नका, सापडणार नाही. हे नुसते पाठ करायचे.

अलकापुरी_३
डेटमध्ये बी कशाला? कर्ज या अर्थाचा.

न्यायमंदिर_चौक
लॅटिन ‘डेबिटम’मुळे. इंग्रजीने हा शब्द फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो परत लिहिला, बोलणाऱ्यांनी मात्र उच्चार बदलला नाही. बँकेच्या पासबुकात ‘डेबिट’ छापलेलं असतं, तेच याचं भावंड. डाउट म्हणजे शंका, त्याचं भावंड ‘ड्युबियस’ म्हणजे संशयास्पद. सटल म्हणजे सूक्ष्म, एस-यू-बी-टी-एल-ई, तिथेही बी याच पद्धतीने आला.

रिसीट म्हणजे पावती, यातला पी असाच मागून आलेला. ‘रिसेप्शन’ आठवा, पी सापडतो. गंमत अशी की डिसीट म्हणजे फसवणूक आणि कन्सीट म्हणजे गर्व हे त्याच घरातले, पण त्यांना पी दिला गेला नाही. मुलं रिसीट शिकली की डिसीटमध्येही पी घालतात. तिघांना एकत्र लिहून रिसीटच्या पीभोवती लाल गोल करावा.

शब्दाच्या शेवटी एम-बी आलं की बी मुका: कोम कंगवा, लॅम कोकरू, लिम हातपाय किंवा झाडाची मोठी फांदी, थम अंगठा, क्रम पोळीचा किंवा पावाचा चुरा, नम बधिर, टूम थडगं, वूम गर्भाशय. क्रमचा बी ‘क्रम्बल’मध्ये, म्हणजे चुरा होणे, बोलतो. बॉमचा ‘बॉम्बार्ड’मध्ये. थमचा ‘थिंबल’मध्ये, शिवताना बोटावर घालतात ती टोपी.

इथे एक घोळ होतो. प्लमर, क्लायमर यांत बी मुका, पण टिंबर, लंबर यांत बोलतो. प्रत्यय काढून पाहा. क्लायमरमधून एर काढला तर क्लाइम हा पूर्ण शब्द उरतो, म्हणून बी मुका. टिंबरमधून काढला तर काहीच उरत नाही, म्हणून बोलतो. प्लमरमधून एर काढला तर प्लम, पी-एल-यू-एम-बी, म्हणजे ओळंबा, उरतो; तो लॅटिन ‘प्लंबम’ म्हणजे शिसं यावरून आलाय. पूर्वी नळ शिशाचे असत.

सुरसागर_काठ
डब्ल्यू-एच कुणी घेतलं नाहीये, मी घेतो. या जोडीत माझ्या मते मराठी मुलाला सगळ्यात जास्त मिळण्यासारखं आहे.

वहीत दोन रांगा करा. एका बाजूला हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, व्हाय, व्हिच. दुसऱ्या बाजूला कोण, काय, कुठे, केव्हा, का, कोणता. डावीकडे सगळीकडे डब्ल्यू-एच, उजवीकडे सगळीकडे क. शेजारच्या गुजराती मुलाला विचारा, तो कोण, क्यां, क्यारे, केम म्हणेल, तिथेही क. हा योगायोग नाही. मुळात एकच ध्वनी होता, ओठ गोल करून म्हटलेला क. लॅटिनने तो क्यू-यू लिहिला, संस्कृतात साधा क राहिला, आणि इंग्रजीच्या पूर्वजात क घासला जाऊन ‘ह्व’ झाला. जुन्या इंग्रजीत लिहायचेही एच-डब्ल्यू असेच, नंतर अक्षरांची अदलाबदल झाली. हूमध्ये पुढे ऊ असल्याने व विरघळला आणि ह उरला, बाकीच्यांत ह गेला आणि व उरला. हूचा उच्चार वेगळा का, याचं उत्तर एवढंच.

आता व्हील. म्हणजे चाक. याचाच भाऊ ‘चक्र’, आणि ग्रीक मार्गाने आलेला भाऊ ‘सायकल’. मूळ शब्दात तो क दोनदा होता. संस्कृतात पहिला च झाला, दुसरा क राहिला: च-क्र. इंग्रजीत पहिला डब्ल्यू-एच झाला आणि दुसरा झिजून गेला. सायकलमध्ये दोन्ही सी दिसतात. म्हणजे सायकलचं चाक म्हणताना तोंडातून एकच शब्द दोनदा जातो. व्हीलमध्ये एच लिहायचा की नाही असा प्रश्न पडला तर सायकलमधले दोन सी आठवायचे.

व्हाइट म्हणजे पांढरा, भाऊ ‘श्वेत’. श्व आणि डब्ल्यू-एच यांची जोड लक्षात ठेवा. व्हीट म्हणजे गहू, व्हाइटवरूनच, कारण पीठ पांढरं. म्हणून तोही डब्ल्यू-एच.

बाकीचे अर्थासह: व्हिम लहर, व्हिस्कर मांजराची मिशी, व्हेट धार लावणे, व्हाइन कुरकुर करणे. या शेवटच्यात मुलं घसरतात, कारण वाइन म्हणजे दारू आणि व्हाइन म्हणजे वेल असे आणखी दोन शब्द आहेत. तीन स्पेलिंग: डब्ल्यू-एच-आय-एन-ई कुरकुर, डब्ल्यू-आय-एन-ई दारू, व्ही-आय-एन-ई द्राक्षवेल. पहिल्या दोहोंचा उच्चार आजच्या बहुतेक इंग्रजीत सारखाच. आपला व दोघांच्या मधला आहे म्हणून कान मदत करत नाही. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, डब्ल्यूसाठी ओठ गोल करायचे आणि दात लावायचे नाहीत. आरशासमोर पाच मिनिटं.

होल म्हणजे संपूर्ण, डब्ल्यू-एच-ओ-एल-ई. यातला डब्ल्यू घुसखोर. हा शब्द हील, हेल्थ यांच्या घरातला, मुळात नुसत्या एचचा.

रावपुरा_ताई
सुंदर! हे उद्याच मुलांपुढे मांडण्यासारखं आहे.

प्रतापनगर
सगळं वाचलं. एक सावधगिरी लिहितो, कारण हीच माहिती अर्धवट पोचली तर मुलं ‘इंग्रजी संस्कृतातून निघाली’ असं उत्तरपत्रिकेत लिहितील. ते चूक आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी या एकाच पूर्वजभाषेच्या शाखा. त्या एकमेकींच्या बहिणी आणि चुलत बहिणी आहेत. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे ही गोष्ट जाहीरपणे मांडली. त्यानेही संस्कृतला आई म्हटलं नव्हतं.

दुसरं, नुसतं सारखं ऐकू येणं हा पुरावा नव्हे. बदल नियमाने होतात. संस्कृतात प असेल तिथे इंग्रजीत फ येतो: पितृ–फादर, पाद–फुट, पञ्च–फाइव्ह, पूर्ण–फुल, पशु–फी. हो, फी म्हणजे शुल्क. मूळ अर्थ गुरंढोरं, कारण धन म्हणजे गुरं. संस्कृतातला श इंग्रजीत ह होतो: शत–हंड्रेड, श्वान–हाउंड. आता कुणी म्हणेल पथ आणि पाथ एकच. नियमाने तिथे फ यायला हवा होता, तो आलेला नाही. म्हणजे पाथ हा वारशाने आलेला शब्द म्हणून सांगता येत नाही. मुलांना जोड्या द्यायच्या तर नियमात बसणाऱ्याच द्याव्यात, आणि बसते का ते शब्दकोशात पाहून द्याव्यात.

शब्दकोशात पाहायचं म्हणजे काय तेही लिहितो. मोठ्या इंग्रजी कोशात नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी चौकोनी कंसात व्युत्पत्ती असते. ओ-ई म्हणजे जुनी इंग्रजी, एम-ई म्हणजे मधल्या काळातली, ओ-एफ जुनी फ्रेंच, एल लॅटिन, जी-के ग्रीक. मुक्या अक्षराचं कारण तिथे दोन ओळींत मिळतं. खिशातल्या कोशात हा भाग नसतो. त्यासाठी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन जाडा कोश उघडावा.

आता माझी जोडी, जी-एच.

आठ म्हणजे एट, ई-आय-जी-एच-टी. रात्र म्हणजे नाइट. मुलगी म्हणजे डॉटर. तिघांतला जी-एच हा घशातून काढलेला ख होता. जर्मनमध्ये आठला ‘आख्ट’ आणि रात्रीला ‘नाख्ट’ म्हणतात, तो ख तिथे जिवंत आहे. आपल्याकडे अष्ट, नक्त आणि दुहिता. नक्त मराठीत नक्तव्रतात उरलाय, दिवसा उपास करून रात्री जेवायचं ते. जी-एच-टी लिहायला कंटाळणाऱ्या मुलाला सांगा की नक्तमधला क इथे पुरलाय.

पुढे हा ख काही शब्दांत पूर्ण गेला आणि काहींत त्याचा फ झाला. म्हणून ओ-यू-जी-एच या चार अक्षरांचे इतके उच्चार:

दो, जरी. थ्रू, मधून. थरो, कसून केलेलं. बाउ, झाडाची फांदी. कॉफ, खोकला. टफ, चिवट. रफ, खडबडीत. ट्रॉफ, गुरांची गव्हाण. स्लफ, सापाने टाकलेली कात. थॉट, विचार. ड्राउट, अवर्षण.

थ्रू, थरो, दो आणि थॉट ही चौकडी एका दिवशी शिकवू नये. पहिल्या दिवशी थ्रू, एक दिवस सोडून थॉट, मग दो, आणि थरो सगळ्यात शेवटी. चारही एकदम दिले की टीनंतर एच, आर, ओ यांचा क्रम कायमचा बिघडतो.

ड्राउट आणि ड्राफ्ट वेगळे. ड्राफ्ट, डी-आर-ए-यू-जी-एच-टी, म्हणजे वाऱ्याचा झोत. ओच्या जागी ए आला की हवा, ओ असेल तर अवर्षण.

घुसखोर इथेही आहेत. डिलाइट म्हणजे आनंद, फ्रेंचमधून आलेला, त्यात जी-एच नव्हता. लाइटच्या संगतीने आला. हॉटी म्हणजे गर्विष्ठ, तोही तसाच.

शब्दाच्या सुरुवातीचा जी-एच मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. तिथे एच मुका, जी बोलतो: गोस्ट भूत, गॅस्टली भयंकर, गर्किन लोणच्याची छोटी काकडी, गेटो वस्ती. आणि आपल्याकडून गेलेले घी, घाट, घरियाल. घरियाल म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची सुसर. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत आहेत त्या घरियाल नव्हेत, मगरी; आणि त्यांना इंग्रजीत शब्दही मगरवरूनच आलाय, एम-यू-जी-जी-ई-आर.

रावपुरा_ताई
प्रतापनगर, तुमची दुरुस्ती मान्य. पहिल्या उत्तरात ‘चुलत’ म्हटलं होतं ते याचसाठी, पण नियम सांगायला हवा होता.

तुमच्या यादीतला बाउ पाहून राहवत नाही. बाउ म्हणजे फांदी, आणि त्याचा चुलत आहे ‘बाहु’. झाडाचा हात म्हणजे फांदी. आता ‘आजानुबाहु’ घ्या, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो. जानु म्हणजे के-एनवाला नी, बाहु म्हणजे जी-एचवाला बाउ. या धाग्यातल्या दोन जोड्या एका मराठी शब्दात उभ्या आहेत.

दांडियाबाजार
सी-एच राहिलंय. तीन घरं आहेत, कोणत्या घरातला शब्द ते कळलं की उच्चार आणि स्पेलिंग दोन्ही सुटतात.

मूळ इंग्रजी घर, उच्चार च: चीक गाल, चिन हनुवटी, चाफ कोंडा, चोअर घरातलं रोजचं काम. ग्रीक घर, उच्चार क: क्रॉनिक जुनाट दुखणं, कोरस समूहगान, एको प्रतिध्वनी, अँकर नांगर, केऑस अनागोंदी, स्टमक पोट. फ्रेंच घर, उच्चार श: शेफ, मशीन, पॅराशूट, ब्रोशर माहितीपत्रक, शॅले लाकडी डोंगरघर.

ओळखायच्या खुणा. सी-एचनंतर लगेच आर किंवा एल असेल तर जवळजवळ नेहमी क: क्रोम, क्लोरीन. शास्त्र, वैद्यक, संगीत, धर्म यांतला शब्द असेल तर आधी ग्रीक घरी चौकशी करावी. स्वयंपाक, कपडे, फॅशन असेल तर फ्रेंच घरी. आर्चचं असं की पुढे स्वर असेल तर बहुधा क, जसं आर्किटेक्ट, आर्काइव्ह म्हणजे दप्तरखाना. पुढे व्यंजन असेल तर च, जसं आर्चबिशप. एक म्हणजे दुखणे, ए-सी-एच-ई, हा ग्रीक नसूनही क म्हणतो. स्टमक-एकमध्ये दोन्ही सी-एच क.

मराठी मुलासाठी खास: आपल्याकडे च दोन आहेत. ‘चार’मधला तालव्य आणि ‘चमचा’मधला दंततालव्य. इंग्रजीत फक्त चारमधला. चेअर, चीज म्हणताना चमच्याचा च लागला की शब्द परका वाटतो. हीच गोष्ट ‘जग’ आणि ‘जीव’मधल्या जची.

अलकापुरी_३
हे सगळं पटलं. पण रोज घरी नेमकं काय करायचं? वेळ अर्धा तास, मुलगी सातवीत.

मांडवीकर
अर्धा तास भरपूर आहे, खरं तर वीस मिनिटं पुरतात.

एका दिवशी एकच जोडी, शब्द आठ ते दहा. वहीच्या पानावर चार रकाने आखा: शब्द, मराठी अर्थ, बोलतं भावंड, स्वतःचं वाक्य. भावंड नसेल तर तिथे ‘घुसखोर’ किंवा ‘फक्त पाठ’ असं लिहायचं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. रिकामा दिसला की मूल तो शब्द वाचतच नाही.

मुकं अक्षर लाल पेनने. बाकी निळं.

मग मनातला खोटा उच्चार. लिहिताना मनात ‘क-नीड’, ‘सब-टल’, ‘वेद-नेस-डे’ म्हणायचं, बोलताना मात्र नीड, सटल, वेन्झ्डे. दोन्ही उच्चार एका पाठोपाठ तीन वेळा मोठ्याने म्हणून घ्या, म्हणजे मूल वर्गात खोटा उच्चार बोलून दाखवत नाही. हे पाऊल गाळलं की तीच चूक होते.

श्रुतलेखन पूर्ण वाक्यात घाला, सुटा शब्द देऊ नका. ‘नाइट’ एवढंच म्हटलं तर रात्र की सरदार हे कळणार कसं? परत विचारायचं दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग पंधरा दिवसांनी. चुकलेला शब्द पुन्हा पहिल्या दिवसावर. दहा वेळा लिहून काढायला लावू नका. चौथ्या वेळेनंतर हात लिहितो, लक्ष नसतं, आणि चुकीचं लिहिलं असेल तर चूकच घोटली जाते.

सारख्या उच्चाराच्या जोड्या, नाइट-नाइट, नॉट-नॉट, नीड-नीड, एकाच पानावर प्रथम देऊ नका. एक पक्का झाला की आठवड्याने दुसरा.

आणि उच्चार देवनागरीत लिहा, गुजरातीत नको. गुजरातीत सभागृहाचा हॉल आणि भोकाचा होल पुष्कळदा एकाच मात्रेने लिहितात, स्नॅक आणि स्नेकही तसेच. आपल्या चंद्राने तो फरक टिकतो.

न्यायमंदिर_चौक
छोट्या जोड्या एकदाच उरकतो.

पी-एस, पी-एन, पी-टी सुरुवातीला: ग्रीक, पी मुका. साम स्तोत्र, स्यूडो खोटा, न्युमोनिया फुफ्फुसाचा दाह, टेरोडॅक्टिल उडणारा प्राचीन सरीसृप. शेवटच्यातला ‘टेर’ म्हणजे पंख, आणि तो हेलिकॉप्टरमध्ये पीसकट बोलतो: हेलिको म्हणजे मळसूत्री, प्टेर म्हणजे पंख. शब्द ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तुटत नाही.

शेवटचा एम-एन: ऑटम शरद, ‘ऑटम्नल’. कॉलम स्तंभ, ‘कॉलम्निस्ट’. कंडेम धिक्कारणे, ‘कंडेम्नेशन’. सॉलेम गंभीर, ‘सॉलेम्निटी’. चारही भावंडांत एन बोलतो. सुरुवातीचा एम-एन एकाच उपयोगी शब्दात: निमॉनिक, म्हणजे लक्षात ठेवायची युक्ती. भावंड ‘अ‍ॅम्नेशिया’ म्हणजे स्मृतिभ्रंश, तिथे एम ऐकू येतो.

मुकी नसलेली पण चुकणारी ‘सीड’ शेपटी: एस-ई-डी-ई फक्त एका शब्दात, सुपरसीड, म्हणजे जुन्याची जागा घेणे. सी-ई-ई-डी फक्त तिघांत: एक्सीड ओलांडणे, प्रोसीड पुढे जाणे, सक्सीड यशस्वी होणे. उरलेले सगळे सी-ई-डी-ई: प्रिसीड आधी येणे, रिसीड ओसरणे, कन्सीड कबूल करणे. प्रोसीडचं ‘प्रोसीजर’ झालं की एक ई गळतो.

सुरसागर_काठ
अलकापुरी, तुमच्या मुलीला पहिल्या आठवड्याच्या शेवटी ही वाक्यं घाला. मराठीतून सांगा, तिने इंग्रजीत लिहावीत: आजी गुडघे टेकून कणीक मळत होती. उंदराने दोरीची गाठ कुरतडली. मला त्या पावतीबद्दल शंका आहे. चाक पांढरं का आहे? अवर्षणात गव्हाण रिकामी होती. पाच वाक्यांत या धाग्यातली सात मुकी स्पेलिंगं तरी येतात. चुकलेल्या शब्दावर फुली न मारता फक्त जोडीचं नाव समासात लिहा, दुरुस्ती तिने करावी.

अलकापुरी_३
धन्यवाद, आजच पान आखते. आयलंडमधला एस कोणत्या रकान्यात?

प्रतापनगर
‘घुसखोर’मध्ये. आयल, आय-एस-एल-ई, हा लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेला, त्याचा एस खरा, तो ‘इन्सुलेट’ म्हणजे वेगळं ठेवणे यात बोलतो. आयलंड मूळ इंग्रजी शब्द, दोघांचं नातं नाही, एस नुसता बघून घातलेला. दोन्ही एका पानावर घ्या, पण आयल आधी.